घरबदल

वरच्या आळीनं माती उकरली की खालच्या आळीचं सूत पिवळं पडायचं. भांडण म्हणाल तर एवढंच. वरची आळी मडकी घडवणाऱ्यांची, खालची विणकरांची. मधे ओढा आणि ओढ्यावर पूल. पूल असा अरुंद की दोन जाड्या बायका समोरासमोर आल्या तर एकीला पाठमोरं माहेरापर्यंत जावं लागायचं.

त्या उन्हाळ्यात ओढ्याचं पाणी बोटभर राहिलं. वरच्यांनी काठ खणला, गढूळ पाणी खाली आलं, धुवायला टाकलेलं सूत कावीळ झाल्यासारखं झालं. खालच्यांनी रागारागानं बांध घातला. पाणी तुंबून वरच्यांच्या खड्ड्यांत शिरलं आणि मळून ठेवलेली सगळी माती ओढ्यात गेली. मग दगड निघाले. एकाचा डोळा गेला, एकाचा माग जळला. पोलिसांनी पुलाच्या दोन्ही तोंडांना फाटकं ठोकली आणि माणसं फाटकाआडून एकमेकांच्या सात पिढ्या उद्धरत बसली.

अशा वेळेसाठी जुन्या लोकांनी एक तोड काढून ठेवली होती, घरबदल. दोन्हीकडचं एकेक घर उठायचं आणि एकमेकांच्या घरात जाऊन राहायचं. चूल त्यांची, भांडी त्यांची, ढेकूणसुद्धा त्यांचेच. फक्त म्हातारी माणसं जागची हलवायची नाहीत. त्यांचं सगळं आलेल्यानं करायचं. तोवर दोन्हीकडचे कारभारी पुलाच्या मधोमध बसणार, आणि तोडगा निघेपर्यंत उठणार नाहीत, लघवीलासुद्धा नाही. त्यामुळे तोडगा फार लवकर निघायचा.

हे पुढाऱ्याच्या कानावर गेलं. या पुढाऱ्याचं हसू इतकं रुंद होतं की हसताना कान मागे सरकवून जागा करावी लागायची. तो बोलायला लागला की माशा गुणगुणायच्या थांबायच्या, आणि बोलून झालं की त्याच टाळ्या वाजवायच्या म्हणतात. तो म्हणाला, "वा. आपल्या वाडवडिलांचं केवढं शहाणपण. घरबदल झालीच पाहिजे. मी स्वतः उभा राहून करवतो."

खालच्या आळीतून कुणाचं घर जाणार? सगळे एकमेकांची पायताणं बघत बसले. तेव्हा मागवालीच्या सासूनं खाटेवरूनच निरोप धाडला, "आमचं घ्या. आमच्या सुनेला जरा दुसऱ्याच्या चुलीचा धूर लागू दे."

"आणि तुमचं कोण करणार, आत्याबाई?" मागवाली म्हणाली.

"येईल ती करेल. तुझ्याहून वाईट काय करणार आहे?"

म्हातारी कंबर मोडल्यापासून खाटेवर होती. अंगात काही उरलं नव्हतं, होती ती जीभ. पहिल्यांदा पडली तेव्हा तिनं तोंड मिटूनच घेतलं होतं. कुणाला भार नको, म्हणायची. मुलानं हात जोडले, शेजारणींनी गोड बोलून पाहिलं, म्हातारी दातखीळ बसल्यासारखी. शेवटी मागवालीचा संयम सुटला. "गिळ की गं थेरडे, का माझ्या उरावर मरणार आहेस?" म्हातारीनं डोळे उघडले, खुदकन हसली आणि आ केला. तेव्हापासून तोच रिवाज पडला. रोज वाटी घेऊन बसायचं, म्हातारी विचारणार, "काय गं, विष कालवलंस?" मागवालीनं म्हणायचं, "विष काय फुकट येतं, भवाने? पेजच आहे, ओत नरड्यात." की म्हातारी खायची. शिवी नसेल तर घास नाही. तिचा हिशेब सरळ होता: ज्याला शिव्या देतात तो अजून घरातला असतो, आणि ज्याच्याशी गोड बोलतात त्याला वाटेला लावायचं ठरलेलं असतं.

वरच्या आळीतून चाकवालीचं घर निघालं. तिचा नवरा कामासाठी दूर गेलेला, घरात ती आणि तिचा म्हातारा सासरा. ती एकटीच खाली येणार, मागवाली नि तिचा नवरा वर जाणार.

त्या दिवशी पुलावर बँड होता. एका बाजूनं मागवाली आली, डोक्यावर वळकटी, मागे नवरा. समोरून चाकवाली, सडपातळ, डोळे खाली, हातात पिशवी. मधे पुढारी. त्यानं दोघींचे हात धरून वर केले आणि तसेच धरून ठेवले. मागवालीचा खांदा भरून आला. ती त्याच्या काखेखालून चाकवालीला म्हणाली, "बाई, ऐक, आमच्या आत्याबाईंना जेवताना..."

"इकडं बघा, समोर," फोटोवाला म्हणाला.

"...जेवताना जरा..."

"हसा, ताई," पुढारी दात न हलवता म्हणाला. बँडनं जोर केला. मग गर्दीनं एकीला इकडं ढकललं, एकीला तिकडं, आणि फाटकं लागली.

कारभारी तेवढे पुलावर बसले. पण ऊन फार होतं. पुढाऱ्याला त्यांची दया आली. तो म्हणाला, उन्हात कशाला, माझ्या कचेरीत पंखा आहे. ते उठले. उठायचं नसतं हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण पंखा तर पंखा. कचेरीत त्यांना गुबगुबीत खुर्च्या मिळाल्या, छातीला लावायला बिल्ले मिळाले, चहा आला. त्यांची समिती झाली. खुर्च्या इतक्या मऊ होत्या की त्यातला एक कारभारी आत बुडाला तो जेवणाच्या वेळेलाच वर आला. तोडगा काढायची घाई कुणालाच राहिली नाही.

इकडं वरच्या आळीत मागवाली दुसरीच्या घरात उठू-बसू लागली. घर नीटनेटकं, पण सगळं उलटं. पाण्याचा रांजण तिच्या घरी डावीकडं, इथं उजवीकडं. सकाळी अर्धवट झोपेत ती भिंतीत तांब्या बुडवायची. हात मागाच्या दोऱ्या शोधायचे. नवऱ्याची तर फारच पंचाईत झाली. जन्मभर पायांनी माग चालवलेला माणूस, बसला तरी त्याचे पाय जमिनीवर टप टप हलत राहायचे. शेवटी चाकवालीचा सासरा ओरडला, "ए नाचऱ्या, पाय हलवायचेच असतील तर मातीत हलव."

म्हाताऱ्याला दिसत कमी होतं आणि आठवत त्याहून कमी. मागवाली दिसली की रोज म्हणायचा, "चोर आली."

"हो, आली. काय चोरू सांगा. तुमच्या घरात बोडख्या मडक्यांशिवाय आहे काय?"

"मला चोर."

"तुम्हाला नेऊन ठेवू कुठं? आमच्या घरी आधीच एक आहे."

म्हातारा हसायचा. तिनं त्याच्याकडून नवऱ्याला माती तुडवणं शिकवून घेतलं. नवरा खड्ड्यात उतरला, पोटऱ्यांपर्यंत चिखल, आणि म्हातारा काठावर बसून टाचेनं दाब, चवड्यानं नको, खडा लागला की वेच, अशी हाकाटी करायचा. कमरेत लचक भरली, पायांना भेगा पडल्या, त्यात माती शिरून रात्री ठणकायचं. नवऱ्यानं चाकावर पहिलं मडकं काढलं ते म्हशीच्या खुरासारखं निघालं. शेजारपाजारचे लोक कुंपणाशी येऊन बघून गेले. घरात कुणी पाऊल टाकलं नाही. मागवाली पाण्यावर गेली तर बायका भांडी बाजूला घ्यायच्या. एकदा एकीनं तिच्या भरलेल्या घागरीत मूठभर माती टाकली. "तुमचं पाणी गढूळ होतं ना, सवय असेल." मागवालीनं घागर ओतली, परत भरली.

पण मनाला टोचत होतं ते वेगळंच. तिकडं आत्याबाईंना घास कोण भरवतं, आणि कसा?

दोन्ही फाटकांतून फक्त होजीला जाता यायचं. होजी म्हणजे पुढाऱ्याचा माणूस. पुढाऱ्यानं काहीही म्हटलं की "हो जी" म्हणायचा, म्हणून ते नाव पडलं. गुळगुळीत चेहरा, माशी बसली तर घसरून पडेल असा. तो रोज यायचा, खुशाली विचारायचा, निरोप न्यायचा.

मागवालीनं त्याला पहिल्याच दिवशी गाठलं. "होजी, चाकवालीला एवढंच सांगा. आमच्या आत्याबाईंना शिव्या घाल म्हणावं. चांगल्या सणसणीत. त्याशिवाय त्या खायच्या नाहीत. ती साधी दिसते, तिला येत नसतील तर मी सांगते त्या पाठ करा." आणि तिनं चार-पाच सांगितल्या. होजीचे कान लाल झाले.

"हो जी. सांगतो."

दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "सांगितलंत?"

"सांगितलं ना. म्हातारी मजेत. पोटभर जेवली. म्हणाली, सुनेला माझा आशीर्वाद सांगा."

मागवाली थबकली. आशीर्वाद? आत्याबाईंनी जन्मात कधी कुणाला आशीर्वाद दिला नव्हता. पण म्हटलं, माणूस बिचारा दोन गोष्टी आपल्या पदरच्या घालत असेल. त्यानं चाकवालीचाही निरोप आणला होता, "माझ्या सासऱ्यांना वडिलांसारखं मानते आहेस, तुझे उपकार आहेत." मागवाली नवऱ्याला म्हणाली, "ही बाई फारच गोड बोलते रे. माझ्यात आणि तिच्यात जमणं अवघड."

नवरा म्हणाला, "आई जेवते ना? मग झालं."

रोज तोच निरोप जायचा, रोज तोच यायचा. शिव्या घाल म्हणावं. मजेत आहे, जेवते आहे. नवरा संध्याकाळी चिखलाचे पाय धुताना न चुकता विचारायचा, "आई काय म्हणाली आज?" आणि ती होजीनं सांगितलेलं सांगायची. एकदा होजी म्हणाला, म्हातारीनं तुमच्या हातच्या पेजेची आठवण काढली. नवऱ्यानं त्या दिवशी चाकावर एक वाटी काढली. तीही वाकडीच झाली, पण फुटली नाही. म्हाताऱ्यानं बोटांनी चाचपून पाहिली आणि म्हणाला, "पेज राहील यात." ती वाटी भट्टीतून निघाल्यावर होजीबरोबर खाली गेली. "म्हातारीनं त्यातच जेवण केलं," होजी म्हणाला.

उन्हाळा सरला. ओढा भरला. गढूळ पाणी गढूळच वाहत होतं आणि समिती अजून कचेरीत बसत होती.

मग मतदान जवळ आलं आणि पुढारी परत आला. पुलावर मंडप पडला. गाड्या इतक्या आल्या की म्हणे शेवटची गाडी अजून निघाली नव्हती तोवर पहिली परत पोचली. होजीनं येऊन सांगितलं, "मेळाव्याला तुम्हा दोघींची भेट आहे. तुमच्या सासूबाईंनाही खुर्चीत बसवून आणणार. साहेब त्यांना शाल पांघरणार."

मागवालीनं तोंड धुतलं, पुन्हा धुतलं. नवऱ्याला येऊ देणार नव्हते. साहेबांना फक्त बाया नि म्हातारी माणसं हवी होती, आणि चाकवालीचा सासरा काही हलेना. म्हणाला, मी बघून काय करू, मला दिसत नाही. मग नवरा त्याच्यापाशी थांबला. "मी भट्टीवर चढून बघतो," तो म्हणाला. "आईला म्हणावं हात हलव."

पुलाच्या दोन्ही बाजूंना दोर लावून लोक लांब उभे केले होते. मंडपात खुर्ची होती. खुर्चीत म्हातारी, डोक्यावरून शाल, मांडीवर फुलं. मागवाली जवळजवळ धावतच गेली. वाकली. पायांना हात लावला आणि वर बघितलं.

शालीच्या आत दुसरीच बाई होती.

कुणाची कोण. गोल चेहरा, गालावर तीळ. ती मागवालीकडं बघून ओशाळली आणि पुटपुटली, "मला बसायला सांगितलंय, बाई. मला काही विचारू नको."

"मिठी मारा," फोटोवाला म्हणाला. कुणीतरी मागून ढकललं आणि चाकवाली तिच्या अंगावर आली. मागवालीच्या हातांत नुसती हाडं आली. इतकी वाळली होती ती.

"आत्याबाई कुठंयत?" मागवाली तिच्या कानात म्हणाली.

चाकवालीनं तिच्या खांद्यात तोंड खुपसलं.

"अगं कुठंयत?"

"गेल्या." चाकवालीचा श्वास गरम लागत होता. "तू वर गेलीस आणि आठवडा उलटायच्या आत."

"हलल्या दोघी. परत एकदा," फोटोवाला म्हणाला. त्यांना सुटं केलं, चाकवालीचा पदर नीट केला, परत भिडवलं.

"जेवल्याच नाहीत गं," चाकवाली म्हणाली. "मी हात जोडले, पाया पडले. बाळाला बोलतात तसं बोलले. आई म्हटलं, देवी म्हटलं. जितकं गोड बोलायची तितकं तोंड घट्ट मिटायच्या. पण तूच सांगितलंस ना, आवाज चढवायचा नाही म्हणून."

"मी?"

"होजी रोज सांगायचा. माझ्या सासूला फुलासारखं जप. एक उणा शब्द जाऊ देऊ नको. तिला मान लागतो. मी म्हटलं, दुसऱ्याची म्हातारी, आळीचं भांडण, आपल्या तोंडून वाकडं जायला नको."

"चेहरे इकडं. ताई, जरा हसून," फोटोवाला म्हणाला.

मागवालीचा चेहरा कुठं होता तिला माहीत नव्हतं. "मग?" ती म्हणाली.

"मग शेवटी माझंच डोकं फिरलं. सकाळची वेळ होती. वाटी आपटली मी. म्हटलं, खा की गं मेले, माझा जीव घ्यायला बसलीस का. तशा हसल्या. आ केला. एक घास खाल्ला. मला इतका आनंद झाला, मी दुसरा कालवायला वळले. वळून बघते तर तोंड तसंच उघडं होतं."

मागवालीच्या घशातून काहीतरी निघालं. ओरडणं म्हणावं तर शब्द नव्हते त्यात. पुढारी लगेच पुढं आला. त्यानं तिचं डोकं आपल्या खांद्यावर दाबून धरलं, एवढं की तिचं नाक त्याच्या सदऱ्यात रुतलं, आणि माइकवर म्हणाला, "बघा. बघा हे आनंदाश्रू. आज दोन आळ्या राहिल्या नाहीत. ही आपल्या सगळ्यांची आई इथं बसली आहे." फोटो निघाले. त्यानं शालीतल्या बाईच्या तोंडात पेढ्याएवढा गोडाचा तुकडा घातला आणि तिनं तो मुकाट्यानं चावला. टाळ्या पडल्या.

दोरापलीकडून वरच्या आळीतला कुणी ओरडला, "साहेब, मातीचं काय ठरलं?"

खालून ओरडले, "आणि पाण्याचं?"

पुढारी हसला. "आज भांडणाचं बोलायचं नाही. आज प्रेमाचा दिवस आहे. समिती बसली आहे, समिती बघते आहे. आणि या दोन्ही घरांचा जीव एकमेकांवर इतका जडला आहे की पुढच्या मेळाव्यापर्यंत घरबदल तशीच राहील, असं त्यांनीच मला कळवलंय." समितीतले कारभारी पहिल्या रांगेत होते. त्यांनी माना डोलावल्या. बँड सुरू झाला. एक दगड आला, कुठून आला ते दिसलं नाही. मग दुसरीकडून आला. पोलिसांनी लोक मागे रेटले, पुढारी गाडीत बसला, आणि फाटकं पुन्हा लागली.

मागवालीला होजीनं वरच्या बाजूला आणून सोडलं. तिनं त्याच्या बाहीला धरलं होतं, ती सोडत नव्हती.

"कुठं ठेवलंत त्यांना?"

"सगळं नीट केलंय, रात्रीच्या रात्री. त्या घरात तसंही कुणी पाऊल टाकत नव्हतं. साहेबांनी खर्च केला." होजी आजूबाजूला बघत म्हणाला. "आता बोलू नका हं. खाली कळलं की आपली म्हातारी त्यांच्या बाईच्या हातात गेली, तर घरासकट जाळतील चाकवालीला. मग इथले तुमच्या नवऱ्याला सोडतील का? तुम्हीच विचार करा."

"मी काय सांगितलं होतं तुम्हाला? रोज?"

"अहो ताई, तसल्या शिव्या कशा सांगणार?" होजीला खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं. "एवढी शांततेची बोलणी चाललेली. मी म्हटलं, दोन गोड शब्द गेले तर कुणाचं काय बिघडतं?"

तिनं बाही सोडली. म्हणजे बोटंच सुटली.

आळीतून चालताना तिला कुणी अडवलं नाही. एक बाई तर म्हणाली, "रडू नको गं, भेट झाली ना." घराशी आली तर नवरा भट्टीवरून उतरत होता, हाता-तोंडाला काजळी, आणि तोंडभर हसू. कित्येक दिवसांत तो असा हसला नव्हता.

"दिसली," तो म्हणाला. "अगदी नीट दिसली. चांगलं बाळसं धरलंय की आईनं. बाबा, आमची आई बघितली मी आज." म्हातारा ओट्यावरून म्हणाला, "चोर आली का?" नवऱ्यानं हात झटकले. "मी हात हलवला. तिचं लक्ष नव्हतं बहुतेक. काय म्हणाली तुला? माझ्या वाटीबद्दल म्हणाली काही?"

मागवाली आत गेली. चुलीवरचं उतरवून ठेवलेलं तिनं ताटात वाढलं. हात चालत होते, पळी बरोबर भांड्यात जात होती.

"अगं सांग ना."

"आधी जेव."

"जेवतो की. सांग तर."

"सकाळपासून चढून बसला आहेस. आधी जेव म्हणते ना."

तो हात धुऊन बसला. जेवताना तो बोलतच होता. परत गेलो की आईच्या खाटेला नवी पट्टी विणतो. जुनी सैल झाली आहे. आता अंग भरलंय, ती पेलायची नाही. खुर्चीत कशी ताठ बसली होती, म्हणजे कंबरही सावरली. बघ, तुझ्यापेक्षा तिला त्या बाईचाच हात लाभला. यावर तिनं काहीतरी बोलावं म्हणून तो थांबला, तिच्याकडं बघून हसला आणि परत खाऊ लागला. ती समोर भिंतीला टेकून त्याचा प्रत्येक घास आत जाताना बघत होती. संपत आलं तसं तिनं आणखी वाढलं. तो नको म्हणाला. तरी वाढलं. तेही त्यानं संपवलं, ताट बोटानं निपटलं, पाणी प्यायला आणि तोंड पुसून तिच्याकडं सरकून बसला.

"हं," तो म्हणाला. "सांग आता."